बॅलेची गोडी लागायची असेल तर एकच ‘जिझेल’ दोनदा पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कथक विशारदपर्यंत शिकलेली एक मुलगी नोकरीनिमित्त दोन वर्षांसाठी लंडनला आली आहे. कॉव्हेंट गार्डनला, म्हणजे रॉयल ऑपेरा हाउसला, महागडं तिकीट काढून तिने ‘स्वान लेक’ पाहिलं. डोळे दिपले, पण मन गुंतलं नाही. मग सॅडलर्स वेल्स या थिएटरला एक कंटेम्पररी, म्हणजे आजच्या आधुनिक नृत्याचा, प्रयोग पाहिला, आणि तिथे तर सगळ्यांना काहीतरी कळतंय आणि आपणच बाहेर राहिलोय असं वाटलं. ती विचारते: ताई, नियमित प्रेक्षक व्हायचं तर काय पाहू, कसं पाहू, परवडवू कसं, आणि परत गेल्यावर हे सगळं सुटेल का? मीही कथकपासूनच सुरुवात केली, पुढे इथे कंटेम्पररीचं शिक्षण घेतलं, नाचले, आता शिकवते. संध्याकाळी मात्र प्रेक्षकच असते, बहुतेक वेळा उभं राहून पाहण्याच्या तिकिटावर. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘स्वान लेक’ने तुझं मन धरलं नाही यात नवल काही नाही. पहिल्यांदा बॅले पाहणाऱ्याला सगळे तेच सुचवतात, कारण नाव माहीत असतं आणि चायकोव्हस्कीचं संगीत कानावरून गेलेलं असतं. पण तो पहिल्या भेटीत आपला होणारा बॅले नाही. आज आपण पाहतो त्याचा साचा १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला ठरला, तोही दोन नृत्यरचनाकारांच्या हातून. राजवाड्यातले अंक मारियस पेटिपाचे, तर तळ्याकाठचे लेव्ह इवानोव्हचे. त्यातलं खरं वैभव तळ्याकाठच्या अंकांत आहे, आणि तिथे नाचतो तो समूह. समूह वाचायला नजर तयार व्हावी लागते. ती नसली की माणूस ओडिल या काळ्या हंसिणीच्या बत्तीस गिरक्या मोजतो आणि आकडा पूर्ण झाला की टाळ्या वाजवतो. कथकमध्येही चक्रदार, म्हणजे तीनदा फिरून येणारा तुकडा, संपला की टाळ्या पडतात, पण नर्तकीने त्याआधी काय बांधत आणलं होतं हे ज्याला कळतं त्याचा आनंद वेगळा असतो. तुला तो आनंद माहीत आहे, म्हणूनच नुसत्या आकड्याने तुझं समाधान झालं नाही.

माझा सल्ला एकच आहे, बाकीचं सगळं त्यातून निघतं. पाच वेगवेगळे बॅले एकेकदा पाहण्यापेक्षा एकच बॅले नायक-नायिकेच्या दोन वेगळ्या जोड्यांकडून पाहा. इथले मुरलेले प्रेक्षक बॅलेच्या नावाकडे बघून तिकीट काढतच नाहीत. कोण नाचतंय ते बघून काढतात. एकच यमन दोन गायकांकडून ऐकला की यमनही उलगडतो आणि गायकही, तसंच हे आहे. पहिल्या वेळी तू गोष्ट पाहशील. दुसऱ्या वेळी गोष्ट माहीत असल्यामुळे माणूस दिसायला लागेल.

त्यासाठी ‘जिझेल’ निवड. हा बॅले १८४१ साली पॅरिसला पहिल्यांदा झाला. कार्लोट्टा ग्रिसी नाचली, संगीत अडॉल्फ आदमचं, नृत्यरचना कोराली आणि पेरो या दोघांची. आज दिसतं त्या रूपावर पुढे रशियात पेटिपाचाही हात फिरला. अंक दोनच, आणि गोष्ट एका दमात सांगता येते. द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम, नाचाची वेडी पण हृदयाने अशक्त गावातली मुलगी, आणि शेतकऱ्याचा वेष घेऊन तिच्या प्रेमात पडलेला सरदारपुत्र आल्ब्रेख्त. त्याचं लग्न दुसरीकडे ठरलेलं आहे हे उघडं पडतं, तिला वेड लागतं आणि ती मरते. दुसऱ्या अंकात जंगलातली रात्र. लग्नाआधी फसवणूक होऊन मेलेल्या मुलींची भुतं, म्हणजे विली, हाती लागलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचायला लावतात. आल्ब्रेख्त त्यांच्या तावडीत सापडतो आणि जिझेल पहाटेपर्यंत त्याला जगवते.

कॉव्हेंट गार्डनची कंपनी रॉयल बॅले गेली कित्येक वर्षं दिग्दर्शक पीटर राइट यांचं १९८५चं सादरीकरण करते. त्यात जिझेल आल्ब्रेख्तच्या तलवारीने स्वतःला संपवते. इतर बऱ्याच ठिकाणी तिचं हृदय बंद पडतं. हा फरक लहान नाही. तिने जीव दिला असेल तर तिची कबर गावाच्या पवित्र जमिनीत नसून जंगलात का आहे, हे आपोआप उलगडतं; आत्महत्या केलेल्यांना तिथे पुरत नसत. या सादरीकरणात जिझेलची आई बर्त हिचा मूकाभिनयही नीट सांभाळलेला आहे. ती मुलीला विलींची गोष्ट हातांनी सांगते. तू अभिनय शिकली आहेस, तेव्हा ही भाषा तुला इतरांपेक्षा लवकर येईल. अंगठीच्या बोटाकडे निर्देश म्हणजे लग्न. डोक्यावर एकमेकांभोवती फिरणारे हात म्हणजे नाच. चेहऱ्याभोवती फिरलेला तळवा म्हणजे सौंदर्य. समोर एकमेकांवर आडव्या धरलेल्या मुठी म्हणजे मृत्यू. वर केलेली दोन बोटं म्हणजे शपथ. एवढ्या पाच खुणा पाठ केल्यास तर एकोणिसाव्या शतकातला कुठलाही बॅले अर्धा बोलायला लागतो.

आता दोन जोड्यांत फरक कुठे शोधायचा, ते सांगते. पहिल्या अंकात जिझेल फुलाच्या पाकळ्या तोडत ‘प्रेम करतो, करत नाही’ असं पाहते. उत्तर वाईट येणार हे लक्षात येऊन ती खचते, आणि आल्ब्रेख्त ते फूल घेऊन हळूच एक पाकळी गळवतो, म्हणजे उत्तर चांगलं येतं. ही पाकळी तो कशी काढतो ते नीट बघ. एखादा ती सराईतपणे काढतो. अशा थापा त्याने आधीही मारल्यात हे कळतं. दुसरा घाबरून, तिला दुःख होऊ नये म्हणून काढतो. त्या एका हालचालीवरून पुढचा सगळा आल्ब्रेख्त ठरतो. होणारी बायको बाथिल्डे समोर आल्यावर तो तिच्या हाताचं चुंबन घेतो, तेव्हा त्याचे डोळे जिझेलकडे जातात की नाही, हेही दर प्रयोगात बदलतं.

मग वेडाचं दृश्य. इथे जिझेल नवीन काही नाचत नाही. आधी आनंदाने केलेल्याच पावलांचे तुकडे ती परत करते, मोडके, भलत्या जागी, आणि संगीतातही प्रेमाची तीच धून विस्कटून येते. म्हणून पहिल्या अंकाच्या सुरुवातीला तिची पावलं लक्ष देऊन पाहा. ती पुढे परत येणार आहेत. काही नर्तकी इथे खूप अभिनय करतात, केस ओढतात, डोळे फिरवतात. मला त्या आवडत नाहीत. या दृश्यात जितकं कमी केलं जातं तितकं ते अंगावर येतं, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या अंकात तुझ्या कथकच्या कानाचा उपयोग होईल, पण उलट्या बाजूने. आपल्याकडे पूर्ण तळवा जमिनीवर पडतो, वजन खाली जातं, आणि पाय काय म्हणतोय ते घुंगरू सांगतात. इथे पायाचा आवाज येता कामा नये. उडीवरून उतरताना पाय बोटांपासून टाचेपर्यंत क्रमाने टेकतो आणि गुडघा वाकून तो धक्का पिऊन टाकतो. चांगली जिझेल उतरते तेव्हा ऐकू काहीच येत नाही, आणि ती शांतता ऐकायची असते. विलींची राणी मिर्था पहिल्यांदा येते तेव्हा दोन्ही पायांच्या बोटांच्या टोकावर इतकी बारीक पावलं टाकते की ती चालतेय असं न वाटता घसरत गेल्यासारखी दिसते. आपल्या द्रुत तत्काराइतकेच, म्हणजे पायांच्या जलद ठेक्यांइतकेच, कष्ट त्यात आहेत, फक्त ते ऐकू येऊ द्यायचे नाहीत. विलींच्या रांगा एक पाय मागे उचलून, दुसऱ्या पायावर ठुमकत एकमेकींना छेदून जातात तो क्षण वरच्या मजल्यावरून पाहावा. महागड्या खालच्या खुर्चीवरून त्या रांगांची नक्षी दिसतच नाही.

यातलं युगुलनृत्य एकाकी व्हियोलावर, म्हणजे व्हायोलिनच्या जरा खालच्या आवाजाच्या बहिणीवर, सुरू होतं. जिझेल आधाराशिवाय एका पायावर उभी राहून दुसरा पाय सावकाश बाजूला उलगडत नेते. इथे पाय किती वर गेला ते पाहू नकोस. पाय वर जाताना धड आणि हात शांत राहिले का, श्वास दिसला का, ते पाहा. त्या काळच्या शैलीत धड किंचित पुढे झुकलेलं आणि हात खाली गोलाईत असतात. पाय कानापर्यंत नेणारी नर्तकी ती शैलीच मोडते. शेवटी आल्ब्रेख्तला नाचवून दमवलं जातं तिथे नर्तकाला निवड असते. कुणी जागच्या जागी उड्या मारत हवेत पाय छेदतो, एकामागून एक, तर कुणी तिरक्या रेषेत मिर्थाच्या दिशेने उड्या घेत जातो. पहिल्यात शिक्षा भोगणारा माणूस दिसतो, दुसऱ्यात दयेची याचना करणारा. दोन्ही बरोबर आहेत. तुला कोणता पटला ते ठरव. तिथून तुझी स्वतःची आवड तयार व्हायला लागते.

‘जिझेल’ दर हंगामात असेलच असं नाही. तोवर घरी सराव करता येईल. पीटर राइट यांच्या याच सादरीकरणाच्या रॉयल बॅलेच्या चित्रफिती निघालेल्या आहेत. एक २०१४ची, नातालिया ओसिपोवा आणि कार्लोस अकोस्टा यांची; दुसरी २०१६ची, मारियानेला नून्येझ आणि वादिम मुन्तागिरोव यांची. नेपथ्य तेच, पावलं जवळजवळ तीच. ओसिपोवा हवेत राहते, तिच्या उड्यांनी धाप लागते, आणि तिचं वेड भीतिदायक आहे. नून्येझची प्रत्येक रेषा पूर्ण होते, तिची जिझेल माणसावर विश्वास टाकणारी आहे, म्हणून तिचं मोडणं जास्त दुखतं. दोन संध्याकाळी दोन्ही पाहा आणि मध्ये कुणाचंही परीक्षण वाचू नकोस. ‘जिझेल’ मिळालीच नाही, तर हाच प्रयोग केनेथ मॅकमिलन यांच्या १९७४च्या ‘मॅनॉन’वर कर. तिथेही नायिका गरिबीला घाबरलेली आहे की ऐषआरामाला भुललेली, हे प्रत्येक नर्तकी वेगळं ठरवते.

तिकिटांचं थोडक्यात सांगते. रॉयल ऑपेरा हाउसला स्टॉल्स सर्कलच्या, म्हणजे खालच्या खुर्च्यांभोवतीच्या अर्धगोलाच्या, मागे आणि कडेला उभ्याच्या जागा असतात. त्या स्वस्त असतात आणि रंगमंच अगदी जवळ दिसतो. कडेच्या जागांवरून रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो, तेवढं सोसायचं. सगळ्यात वरचं ॲम्फिथिएटर समूहनृत्यासाठी उत्तम. चेहऱ्यांसाठी लहान दुर्बीण ने. शुक्रवारी दुपारी एकला पुढच्या आठवड्याची राखून ठेवलेली काही तिकिटं निघतात, त्यावर लक्ष ठेव. तीन छोटे बॅले एकत्र असलेली संध्याकाळ मोठ्या गोष्टीच्या बॅलेपेक्षा सहसा स्वस्त असते आणि शिकायला कितीतरी चांगली, कारण एकाच रात्री ॲश्टन, मॅकमिलन हे आधीच्या पिढ्यांचे आणि एखादा आजचा नृत्यरचनाकार शेजारी शेजारी दिसतात. आठवड्यातल्या दुपारच्या प्रयोगांना शाळांच्या सहली असतात म्हणून लोक टाळतात. तू टाळू नकोस. तरुण नर्तकांना मोठी भूमिका पहिल्यांदा मिळते ती पुष्कळदा अशाच दुपारी. रॉयल बॅलेत आर्टिस्टपासून फर्स्ट आर्टिस्ट, सोलोइस्ट, फर्स्ट सोलोइस्ट आणि प्रिन्सिपल अशी चढण आहे. खालच्या पायरीवरच्या एखाद्या नर्तकीवर तुझी नजर खिळली तर तिचं नाव लिहून ठेव आणि तिला शोधत जा. समूहात तिसऱ्या रांगेत पाहिलेली मुलगी काही वर्षांनी मिर्था म्हणून एकटी रंगमंचावर येते, तो आनंद नियमित जाणाऱ्या प्रेक्षकालाच मिळतो. मला तरी या सगळ्या नादात त्याहून मोठं सुख माहीत नाही.

प्रयोगाहून परतल्यावर, झोपण्यापूर्वी, चार ओळी लिहून ठेव. ‘छान होतं’ असं लिहू नकोस. काय पाहिलंस ते लिही: पाकळी कशी गळली, आवाज आला का, पडदा पडताना आल्ब्रेख्त कबरीजवळ होता की चालू लागला होता. दुसऱ्या जोडीच्या रात्री या ओळी हाताशी असल्या की फरक लख्ख दिसतो.

आता कंटेम्पररी. तुला परकं वाटलं याचं एक कारण तुझं प्रशिक्षणच असेल. आपण समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहतो. कुठल्याही आवर्तनात शरीर आधीच समेकडे झुकलेलं असतं. कंटेम्पररीत ती सम बरेचदा नसतेच. मर्स कनिंगहॅम या अमेरिकन नृत्यरचनाकाराकडे नाच आणि संगीत वेगवेगळे तयार व्हायचे आणि पुष्कळदा पहिल्या प्रयोगालाच एकत्र यायचे. तिथे संगीतावर पाय पडण्याची अपेक्षा ठेवली तर रात्र हातची जाते. म्हणून सुरुवात अर्थापासून करू नकोस, वजनापासून कर. नर्तकाचं वजन कुठे आहे, कोण कुणावर भार टाकतंय, कोण पडतंय, पडताना स्वतःला सोडतंय की सावरतंय, हे पाहत राहा. वीसेक मिनिटांत डोळा स्थिरावतो आणि मग अर्थ आपोआप गोळा व्हायला लागतो.

‘जिझेल’मध्ये विली पुरुषाला मरेपर्यंत नाचवायला निघतात. जर्मन नृत्यरचनाकार पीना बाउशच्या १९७५च्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’मध्ये एक मुलगी मरेपर्यंत नाचते. स्ट्राविन्स्कीचं संगीत, आणि रंगमंचभर दलदलीची काळी माती पसरलेली. नर्तक नाचू लागले की ती माती घामावर चिकटते, कपडे मळतात, पाय जड होतात, धाप ऐकू येते. बॅलेने दीडशे वर्षं जो थकवा लपवला तो इथे मुद्दाम समोर ठेवला आहे. आल्ब्रेख्तही दमलेलाच असतो, त्या उड्यांनी कुणाचीही छाती फुटेल, पण पावलाचा आकार बिघडू द्यायचा नाही ही त्याची शपथ. बाउशची मुलगी ती शपथ मोडते. हे दोन्ही एकाच महिन्यात पाहता आलं तर पाहा. कंटेम्पररी नृत्य बॅलेशी कशावरून भांडतंय हे तुला कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही. नृत्यरचनाकार क्रिस्टल पाइटचं २०१७चं ‘फ्लाइट पॅटर्न’ही सुरुवातीला चांगलं. रॉयल बॅलेच्याच छत्तीस नर्तकांचं, निर्वासितांविषयीचं काम. त्यात समूह एकाच शरीरासारखा श्वास घेतो, आणि तिथे कुणीही हरवत नाही.

आणि तुझ्यासाठी खास म्हणून नर्तक-नृत्यरचनाकार अकराम खान. बांगलादेशी कुटुंबात लंडनला वाढलेला, प्रताप पवारांकडे कथक शिकलेला, लहानपणी दिग्दर्शक पीटर ब्रुकच्या ‘महाभारत’ नाटकात वावरलेला. त्याने २०१६ साली इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी ‘जिझेल’ नव्याने रचली; मँचेस्टरला पहिला प्रयोग झाला. द्राक्षांच्या गावाऐवजी बंद पडलेल्या कापड कारखान्यातले स्थलांतरित मजूर, आणि त्यांच्या आणि मालकांच्या मध्ये एक अवाढव्य भिंत. विली म्हणजे कारखान्यात राबून मेलेल्या बायका, केस मोकळे, हातात काठ्या, पायात बोटांच्या टोकावर उभं राहण्याचे पॉइंट शूज. जुन्या बॅलेत त्या शूजमुळे मुली वाऱ्यासारख्या हलक्या दिसतात; इथे त्याच शूजवर त्या भयंकर दिसतात. समूहाच्या पावलांत, कंबरेवरून फिरणाऱ्या धडात, थांबण्यात तुला कथक दिसेल, आणि ते नाव न घेता आलेलं आहे. हीसुद्धा चित्रफितीवर मिळते, तमारा रोहो नायिकेच्या भूमिकेत. पण आधी जुनी ‘जिझेल’ दोनदा, मगच ही. तो क्रम मोडू नकोस, कारण खानने काय ठेवलं आणि काय टाकलं यातच त्याचं म्हणणं आहे.

आपण बाहेरचे आहोत, ही भावनाही जरा बाजूला ठेव. याच कॉव्हेंट गार्डनमध्ये १९२३ साली रशियन बॅले नर्तकी आना पावलोवाबरोबर आपले नर्तक उदय शंकर राधा-कृष्णाच्या नृत्यात कृष्ण म्हणून उभे राहिले होते. पेटिपाचं ‘ला बायादेर’ तर देवदासीचीच गोष्ट आहे. त्यातला भारत रशियातल्या रंगमंचासाठी कल्पिलेला आहे, आणि काही प्रसंगी तो पाहताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. पण उतारावरून एकामागून एक येणाऱ्या सावल्यांच्या प्रवेशासाठी मी तो परत परत पाहते. एकच पाऊल, एकच वळण, प्रत्येकीकडून पुन्हा पुन्हा, आणि शेवटी अख्खा रंगमंच भरून जातो.

परत गेल्यावर सुटेल का? प्रत्यक्ष प्रयोग कमी होतील हे खरं. पुण्याहून मुंबईला नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा कार्यक्रम बघत राहा. तिथे नृत्याचे प्रयोग होतात आणि परदेशी प्रयोगांची चित्रणंही दाखवली गेली आहेत. रॉयल ऑपेरा हाउसच्या संस्थेची (आता नाव रॉयल बॅले अँड ऑपेरा) वर्गणी भरून घरबसल्या पाहण्याची सोयही आहे. एक गोष्ट मात्र आत्तापासूनच सुरू कर. २०१४ पासून दरवर्षी ‘वर्ल्ड बॅले डे’ला जगभरातल्या कंपन्या आपला सकाळचा वर्ग आणि तालमी इंटरनेटवर मोफत दाखवतात. तालमीचे तुकडे सगळेच पाहतात. तू पूर्ण वर्ग पाहा, दांडीजवळच्या पहिल्या प्लिएपासून, म्हणजे गुडघे वाकवण्यापासून, मोठ्या उड्यांपर्यंत. ज्यांना तू रात्री जिझेल आणि आल्ब्रेख्त म्हणून पाहिलंस, ते सकाळी लोकरीचे मोजे चढवून तेच पाऊल पुन्हा पुन्हा घासत असतात, आणि शिक्षक त्यांनाही खांदा खाली घ्यायला सांगत असतो. वर्गातला क्रम पाठ झाला की प्रयोगातलं कुठलं पाऊल कशातून आलं हे दिसू लागतं. तू रियाज केलेली आहेस, तेव्हा तुला ते फार लवकर दिसेल.